मायावी: एक होमब्रू क्लास आणि माझे चार पहारेकरी

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरावृत्ती तेवढी गाळली आहे.)

आजचा विषय होमब्रू. होमब्रू म्हणजे घरी केलेले नियम. पुस्तकात नसलेले, आपल्या टेबलापुरते आपणच लिहिलेले. गेलं वर्षभर मी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी एक नवीन क्लास लिहीत होतो. त्याचं नाव मायावी. इल्युजनिस्ट, म्हणजे आपल्या भाषेत नजरबंदीचे खेळ करणारा. हा क्लास मी तीनदा लिहिला. पहिल्या दोन वेळा तो का फसला आणि तिसऱ्यांदा काय सापडलं, ते सांगतो. आधीच कबूल करतो, यात माझीच थोडी शोभा होणार आहे.

जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी एका मिनिटात खेळ सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी जादूगार. पात्राचा हा जो पेशा, त्याला क्लास म्हणतात. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. उरलेलं सगळं जग तो चालवतो. गावकरी तो, राक्षस तो, राजाचे शिपाई तो, पाऊससुद्धा तोच. पात्रानं काही अवघड करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपला बोनस मिळवायचा, ठरलेला आकडा गाठला तर जमलं. बस, एवढंच. आमच्या टेबलावर डीएम मी.

तुला माहीतच असतं ना

आम्ही पाच जण. सगळे एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातले. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन खेळायला लागलो, नंतर पुण्यात दर रविवारी दुपारी माझ्या फ्लॅटवर. आधी वडापाव, मग चार तास खेळ.

आमच्यातली एक मैत्रीण जादूगार खेळायची, इल्युजन शाखेची. सुरुवातीला तिचं डोकं असं चालायचं की विचारू नका. रिकाम्या पेटीत साप दाखव, गल्लीच्या तोंडाशी उलटलेली बैलगाडी दाखव, सरदाराच्या खोलीतून त्याच्या बायकोचा आवाज काढ. आणि मग दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की ही आता काहीच करत नाहीये. तिची पाळी आली की फायर बोल्ट. परत पाळी आली, परत फायर बोल्ट. फोनवर काहीतरी बघत फासा टाकायची.

मग तो रविवार आला. एका किल्ल्याच्या बोळातून पार्टीला पळायचं होतं, मागे चार पहारेकरी. तिनं खूप दिवसांनी सायलेंट इमेज वापरलं. पंधरा फुटी घनाएवढं चित्र उभं करता येतं त्यात. तिनं दाखवलं की बोळाचं छत कोसळलंय, दगडांचा ढीग पडलाय. छान कल्पना. मी काय केलं? चारही पहारेकऱ्यांसाठी चार फासे टाकले. तिसऱ्याला सतरा पडले. मी म्हणालो, "अरे, दगडातून हात आरपार जातोय!" खेळ खलास.

पुढच्याच दहा मिनिटांत आमच्या चोरानं त्याच पहारेकऱ्यांना सांगितलं की तो मुदपाकखान्यातला नवा पोऱ्या आहे. हा मित्र मोठ्या आवाजाचा, नक्कल झकास करतो, आम्ही सगळे हसलो. मी सगळ्या पहारेकऱ्यांसाठी मिळून एकच फासा टाकला. त्यांनी विश्वास ठेवला.

सेशन संपल्यावर चहा पिताना ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या रविवारपासून मी येत नाहीये." मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "मी काहीही दाखवलं तरी ते खोटं आहे हे तुला माहीतच असतं ना. मग तुझ्या पहारेकऱ्यांनाही ते बरोबर कळतं."

आता इथे एखाद्या शहाण्या माणसानं सॉरी म्हटलं असतं. मी बीटेक. मी म्हणालो, "क्लासच वीक आहे तो. थांब, मी तुला नवीन लिहून देतो." आणि लॅपटॉप उघडला.

हा क्लास होता, मग गेला कुठे?

थोडा इतिहास बघू, कारण तो मजेशीर आहे. हा खेळ आला १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू नावाच्या पत्रिकेत पीटर अ‍ॅरन्सन यांनी इल्युजनिस्ट हा वेगळा क्लास मांडला. म्हणजे ही कल्पना जवळपास खेळाएवढीच जुनी. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये तो जादूगाराचा उपवर्ग म्हणून आला, स्वतःची वेगळी मंत्रयादी घेऊन. त्यासाठी बुद्धी किमान १५ आणि चपळाई किमान १६ लागायची. चपळाई कशाला, तर हातचलाखी हवी ना!

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो विझार्डची एक शाखा झाला आणि तिथेच राहिला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही तसंच. चौदाव्या लेव्हलला त्या शाखेला एक जबरदस्त गोष्ट मिळते: भासातली एक निर्जीव वस्तू एका मिनिटापुरती खरी करता येते. खोटा पूल दाखवा आणि त्यावरून चालत जा! पण चौदावी लेव्हल. आमचं एकही कॅम्पेन तिथवर पोचलेलं नाही.

जुन्या नियमांत भासाचा परिणाम थेट होता. समोरच्यानं विश्वास ठेवला तर खोट्या खड्ड्यात पडूनही त्याला इजा व्हायची. त्यावरून टेबलाटेबलावर वाद. तो विश्वास ठेवेल का, हे ठरवणार कोण? पाचव्या आवृत्तीत नियम आखीव झाले, पण हा प्रश्न बराचसा डीएमवर सोडलेला आहे. आमच्या धंद्यात याला अनडिफाइन्ड बिहेव्हियर म्हणतात. स्पेकमध्ये लिहिलेलं नाही, म्हणून प्रत्येक कंपायलर आपल्या मनानं काहीतरी करतो. इथे प्रत्येक टेबल वेगळा कंपायलर. आणि माझा कंपायलर गंडलेला होता, हे मला अजून कळायचं होतं.

पहिला मसुदा: आकडे वाढवा

पहिल्या मसुद्यात मी तेच केलं जे कुठलाही घाईतला इंजिनिअर करतो. सर्व्हर स्लो आहे? रॅम वाढवा. भास ओळखण्यासाठी जो आकडा गाठावा लागतो, डीसी, तो मी सरळ दोननं वाढवला. शिवाय प्रत्येक भासाला मानसिक इजा चिकटवली. खोटा लांडगा चावला तरी डॅमेज, खोटी भिंत पडली तरी डॅमेज.

तिला महत्प्रयासानं प्लेटेस्टला बोलावलं. दोन तास खेळली आणि म्हणाली, "हा फायर बोल्टच आहे, फक्त जांभळ्या रंगाचा." खरंच होतं. भास काय आहे याला काही महत्त्वच उरलं नव्हतं. लांडगा दाखवा, आजी दाखवा, डॅमेज तेवढंच.

आणि डॅमेजची गरजही नव्हती, हे नंतर हिशेब केल्यावर कळलं. साधा ओगर घ्या. त्याच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३ हिट पॉइंट नेतो. समोरच्याचं चिलखत १६ धरलं तर तो ५५ टक्के वेळा लागतो. म्हणजे ओगरचा एक वार हवेत घालवला की सरासरी ७ हिट पॉइंट वाचले. खालच्या लेव्हलचा फायर बोल्ट लागला तर सरासरी साडेपाच करतो, आणि तोही लागला तर! खोट्या लांडग्यावर ओगरनं सोटा घातला, इतकंच झालं तरी मायावीनं आपलं काम चोख केलं.

दुसरा मसुदा: सगळ्यांनी विश्वास ठेवा

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. हात लावेपर्यंत भास ओळखताच येणार नाही, असा नियम केला. फासा नाही, काही नाही.

हे तर आणखी वाईट झालं. लढाई सुरू होते न होते तोच ड्रॅगन दाखवला, सगळे पळाले. पुढची लढाई, परत ड्रॅगन. आमचा लढवय्या खेळणारा मित्र वैतागून म्हणाला, "मग आम्ही काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?" आणि जिच्यासाठी लिहिलं तीच म्हणाली, "मजा नाही येत. मला कळतंय की तू मला जिंकवतोयस."

हे वाक्य मला लागलं. आधी मी तिला हरवत होतो, आता जिंकवत होतो. दोन्ही वेळा ठरवणारा मीच.

रेकॉर्डिंग

आमची सेशन्स मी फोनवर रेकॉर्ड करतो, पुढच्या वेळी गोष्ट आठवावी म्हणून. बग सापडत नसला की लॉग बघायचे, हे आम्हाला पहिल्या नोकरीत शिकवतात. एका शनिवारी बसलो आणि जुनी रेकॉर्डिंग ऐकली. एक कागद घेतला, दोन रकाने केले. तिनं भास दाखवला तेव्हा मी काय केलं, आणि चोरानं थाप मारली तेव्हा काय केलं.

चोरानं थाप मारली की जवळपास प्रत्येक वेळी पूर्ण टोळीसाठी एक फासा. तिनं भास दाखवला की जवळपास प्रत्येक वेळी प्रत्येकासाठी वेगळा फासा, आणि तोही लगेच, फुकट.

नियम काय सांगतो? सायलेंट इमेज असो की मायनर इल्युजन, समोरच्याला शंका आली तर त्याला आपली अ‍ॅक्शन खर्च करून नीट तपासावं लागतं. म्हणजे त्या पाळीत तो वार करू शकत नाही. आणि एकानं ओळखलं तर फक्त त्यालाच ते चित्र आरपार दिसतं. बाकीच्यांना त्यानं ओरडून सांगायला हवं, आणि त्यांनी ते मानायला हवं. मी हे सगळं पुसून टाकलं होतं. एकाला कळलं की सगळ्यांना कळलं.

आता गणित बघा. सुरुवातीच्या जादूगाराचा डीसी साधारण १३. पुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याची बुद्धी १०, म्हणजे बोनस शून्य. त्याला फाशावर १३ किंवा जास्त हवेत, शक्यता ४० टक्के. एकाच पहारेकऱ्यानं तपासलं तर भास टिकण्याची शक्यता ६० टक्के. चौघांना फुकट फासा दिला तर? ०.६ चा चौथा घात. १३ टक्के. तेरा! आणि पहिल्या मसुद्यात मी जो डीसी दोननं वाढवला होता, त्यानं ती शक्यता १३ वरून २४ वर गेली असती, बस. म्हणजे मी चुकीच्या ठिकाणी पॅच मारत होतो. एका फाशाऐवजी चार फासे टाकण्याची माझी सवय ही पुस्तकातल्या कुठल्याही नियमापेक्षा मोठी होती.

क्लास वीक नव्हता. ती म्हणाली होती तेच खरं होतं. मला माहीत होतं, म्हणून माझ्या पहारेकऱ्यांना कळत होतं. मी मुद्दाम करत नव्हतो, पण त्यानं तिला काय फरक पडतो? कॉलेजपासूनची मैत्रीण माझ्या टेबलावर सहा महिने बसून रोज हरत होती आणि मी तिला सांगत होतो की तुझं पात्र वीक आहे.

त्या रात्री तिला मेसेज केला. दोन्ही रकान्यांचा फोटो पाठवला आणि लिहिलं, तुझं बरोबर होतं. तिनं फक्त अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "मग आता दोघं मिळून लिहू या."

हा सूर्य, हा जयद्रथ

तिसरा मसुदा दोघांचा आहे. आणि त्याची सुरुवात आपल्या घरातल्या गोष्टीपासून झाली. "हा सूर्य आणि हा जयद्रथ" आपण सगळेच म्हणतो. पण डिझायनर म्हणून ती गोष्ट बघा. कृष्णानं सूर्य झाकला. त्या अंधारानं जयद्रथाला साधं खरचटलंही नाही. तो फक्त लपलेल्या जागेतून बाहेर आला. काम तिथेच झालं. आणि तो बाहेर का आला? कारण सूर्य मावळावा याची तो सकाळपासून वाट बघत होता. त्याला ते खरं असायला हवं होतं.

यातून पहिला नियम निघाला. त्याला आम्ही दावा म्हणतो. भास दाखवताना खेळाडूनं एका वाक्यात सांगायचं: समोरच्याला काय वाटावं? "हा बोळ बंद आहे." मग डीएमनं, फासा हातात घेण्याआधी, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. समोरच्याला असं काही होईल अशी अपेक्षा आहे का? त्याला याची भीती आहे का? त्याला हे खरं असायला हवंय का? एकाचंही उत्तर हो असेल तर तो विश्वास ठेवतो. तपासायचं असेल तर अ‍ॅक्शन खर्च करायची किंवा हात लावायचा. तिन्ही उत्तरं नाही असतील तर लगेच एक फासा. पूर्ण टोळीसाठी एकच, त्यांच्यातल्या सगळ्यात चाणाक्ष माणसाचा.

हा नियम लिहिल्यावर एक छान गोष्ट झाली. खेळाडू शत्रूबद्दल प्रश्न विचारायला लागतात. हा सरदार कशाला घाबरतो? याचा मुलगा कुठे आहे? मायावी खेळायचा तर माणसं वाचावी लागतात.

दुसरा नियम भरवसा. कोणी तुमच्या भासावर विश्वास ठेवून काहीतरी केलं, वार केला, मागे वळला, दार उघडलं, की तुम्हाला भरवशाचा एक गुण. गुण साठवायची मर्यादा प्रोफिशियन्सी बोनसएवढी, म्हणजे सुरुवातीला दोन आणि शेवटी सहा. ते खर्च करून भासात वास किंवा ऊब घालता येते, अ‍ॅक्शन न वापरता चित्र हलवता येतं, किंवा एकदा हात लावला तरी भास टिकतो. पण पकडले गेलात की सगळे गुण शून्य. नुसतं चित्र काढून काही मिळत नाही, समोरच्यानं त्यावर काही करायला हवं.

बाकीचा सांगाडा भराभर सांगतो. हिट डाय आठ बाजूंचा. मंत्रांची गती पॅलाडिनसारखी अर्धी, म्हणजे पाचव्या पातळीच्या मंत्रांपर्यंतच, आणि यादी जवळजवळ सगळी इल्युजनची. मायनर इल्युजन पहिल्या लेव्हलपासून, त्यात चित्र आणि आवाज दोन्ही एकदम. डॅमेज वाढवणारं काहीही नाही. तिसऱ्या लेव्हलला दोन वाटा. एक बहुरूपी. लहानपणी गावाकडे पोलिसाचा वेष घालून दारात येणारा बहुरूपी ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ही वाट सोंगांची, आवाजांची. दुसरी चित्रकथी, सिंधुदुर्गात पिंगुळीला जी चित्रं दाखवत कथा सांगायची परंपरा आहे, तिच्यावरून. ही वाट मोठ्या देखाव्यांची, एकामागून एक बदलत जाणाऱ्या दृश्यांची.

चिठ्ठी

पण मूळ प्रश्न उरतोच. डीएमला माहीत असतं. तीन प्रश्नांची उत्तरं मी प्रामाणिकपणे देईन हो, पण खोटं आहे हे माहीत असताना माणसाचं मन कुठे वळतं ते मी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलंच होतं.

उपाय तिचा. ती म्हणाली, "मग तुला सांगायचंच कशाला?"

तर तिसरा नियम चिठ्ठी. दर लढाईत किंवा प्रसंगात एकदा मायावी डीएमला मंत्राचं नाव सांगत नाही. चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवते आणि फक्त दिसतं काय ते बोलते. चिठ्ठीत मंत्र असेल, किंवा "काही नाही" असंही असेल. शिवाय एका साथीदाराची त्या पाळीतली हालचाल त्यात लिहिता येते, त्याच्या संमतीनं. म्हणजे ती म्हणते, "खांबामागून आपला लढवय्या बाहेर येतो." खरा आला की चित्र, हे तिला आणि लढवय्याला माहीत, मला नाही. मला पहारेकऱ्यांइतकंच दिसतं. मग मी ठरवतो ते कसं खरं ठरवतो! हात लागला, अ‍ॅक्शन खर्च करून तपासणी जमली किंवा प्रसंग संपला की चिठ्ठी उघडायची, मंत्राचा खर्च तेव्हा वजा करायचा.

चौथी गोष्ट अकराव्या लेव्हलची, नाव मयसभा. मयसभेत दुर्योधनाचं काय झालं आठवतं का? आधी कोरड्या जमिनीला पाणी समजून वस्त्रं सावरली, आणि मग खऱ्या पाण्याला जमीन समजून धपकन पडला. दुसरी फजिती मोठी, आणि तिथे तर माया कुठलीच नव्हती, पाणी खरंच होतं. म्हणून नियम असा: तुमचा भास ज्यानं एकदा ओळखलाय, त्याला दिवसातून एकदा तुम्ही एखाद्या खऱ्या गोष्टीबद्दल शंका घ्यायला लावू शकता. पकडलं जाणंही वाया जात नाही.

पूल

हे सगळं खेळताना कसं दिसतं, तो एक प्रसंग सांगतो. यासाठी आम्ही मुद्दाम बाराव्या लेव्हलची पात्रं घेऊन बसलो. पार्टी पळतेय, मागे कप्तान आणि त्याचे वीस शिपाई. त्या दिवशी तिनं त्यांना एकदा नदीचा खोटा उतार दाखवून पाण्यात घातलं होतं, आणि दुसऱ्यांदा कप्तानानं तिचं खोटं कुंपण ओळखलं होतं. आता दरीवर साखळ्यांचा पूल. पार्टी पलीकडे पोचली. लढवय्याच्या पायाला जखम. पूल तोडायला वेळ नाही, असं मला वाटत होतं.

तिनं चिठ्ठी लिहिली, लढवय्याला दाखवली, त्यानं मान हलवली. पालथी ठेवली. म्हणाली, "मी पुलाकडे तोंड करून हात वर करते. कप्तानाकडे बघून हसते."

मी तो पूल स्वतः काढला होता. मापं मला पाठ होती. आणि तरी मी अडकलो. लढवय्यानं येता येता मधल्या फळ्या उचकटल्या असतील का? आणि ही त्या जागी फळ्यांचं चित्र दाखवतेय का? कप्तानाला अपेक्षा आहे का? हो. भीती आहे का? आहे, त्याचा एक शिपाई दुपारीच बुडता बुडता वाचलाय. कप्तान पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. एकाला पुढे पाठवावं? कोणी जाईना. मी फाशाला हातही लावला नाही. शिपाई खालच्या बाजूनं वळसा घालून निघाले, दोन तासांचा रस्ता.

प्रसंग संपला, चिठ्ठी उघडली. लिहिलं होतं: "काही नाही. पूल चांगला आहे."

मंत्र खर्च शून्य. मी दोन मिनिटं नुसता त्या चिठ्ठीकडे बघत बसलो. सहा वर्षं डीएम करतोय, पण माझ्याच जगात मी फसलो असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. आणि समोर ती इतकी हसत होती की तिच्या हातातला चहा सांडला.

तुम्ही लिहिणार असाल तर

आता जाता जाता चार गोष्टी. एक, सगळं जमलंय असं नाही. चिठ्ठीनं खेळ थोडा मंदावतो, म्हणूनच ती प्रसंगाला एकदाच. खरं तेच दिसणारी नजर असलेले मोठे शत्रू आले की मायावीचे हात बांधले जातात, तेव्हा दर लढाईत तसेच शत्रू आणू नका. आणि चिठ्ठीत फसवणारा खेळाडू असेल तर कुठलाच नियम उपयोगाचा नाही, तिथे टेबल बदला.

दोन, नवीन नियम लिहिण्याआधी छापलेला नियम आपण पाळतो का, ते तपासा. माझे सहा महिने त्यात गेले.

तीन, तुमचा क्लास इतरांना द्यायचा असेल तर जानेवारी २०२३ पासून पाचव्या आवृत्तीचा मूळ संदर्भसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे, श्रेय देऊन वापरता येतो. पण त्यात विझार्डची इल्युजन शाखा नाही. ती पुस्तकातून उचलून चिकटवू नका, स्वतःचं लिहा.

आणि चार, टेबलावर कोणी गप्प गप्प होऊन रोज एकच मंत्र मारत असेल तर पात्राचा कागद बघण्याआधी त्या माणसाला विचारा. मला ते कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

आमची नवीन बातमी अशी की पुढच्या महिन्यापासून डीएम ती आहे. मला तिनं मायावी खेळायला सांगितलंय. म्हणाली, आता बघू तुला किती जमतं ते. मी बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या कापून ठेवल्यात, पण खरं सांगायचं तर तिला फसवता येईल असं मला अजिबात वाटत नाही.

तुमच्या टेबलावर इल्युजन कसं चालवता, चार फासे की एक, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा. नमस्कार!